मिसिसिपीचे कापूसपंडित

वसुबारसेच्या आदल्या रात्री आमच्या घरी वाती वळायला बसतात. यंदा गावाकडून आलेला कापूस निवडताना माझ्या बोटाला सरकी लागली आणि दहा अमेरिकन पाहुण्यांची गोष्ट आठवली. मुलांना सांगितली, तीच वाचकांपुढे ठेवतो.

लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस लागे आणि तो बहुतेक अमेरिकेतून येई. सगळी भिस्त एकाच देशावर ठेवणे बरे नव्हे, म्हणून गिरणीवाल्यांनी ईस्ट इंडिया कंपनीमागे लकडा लावला. आपल्याकडचा कापूस पडला आखूड धाग्याचा, त्यातून पेठेत पोचेपर्यंत पाल्यामातीने भरलेला! तेव्हा कंपनीने कॅप्टन बेल्स यांना अमेरिकेत धाडले आणि १८४० मध्ये दहा अनुभवी मळेवाले करार करून हिंदुस्थानात आणले. तिघे मुंबई इलाख्यात, तिघे मद्रासेकडे, चौघे उत्तरेत. बियाणे आणि सरकी काढायची करवती दात्यांची यंत्रेही आली.

एक गोष्ट मात्र आली नाही. मिसिसिपीकडच्या मळ्यांत नांगरणीपासून वेचणीपर्यंत राबत ते गुलाम. आणले मालकांना, ज्यांच्या हातात कसब होते ते तिकडेच राहिले. हे कंपनीच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आले असेल, असे मला वाटत नाही.

बुंदेलखंडातल्या उन्हाने आणि अवर्षणाने परदेशी रोपे करपली. सरकारी मळ्यांचा खर्च वाढत गेला, पीक काही हाती लागेना. अखेर त्या दहांपैकीच मर्सर नावाच्या गृहस्थाने सरकारला साफ कळवले की, हे मळे म्हणजे निष्फळ खर्च आहे. इथली हवा आणि जमीन जाणणारा रयत आमच्यापेक्षा चांगली, आणि स्वस्तातही, शेती करतो. पगार घेणाऱ्या तज्ज्ञाने असे लिहावे! या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

रोप रुजले ते धारवाडात. तिथे काळी जमीन आणि नैर्ऋत्य व ईशान्य असा दोन्हींकडचा पाऊस. कलेक्टर शॉ यांच्या खटपटीने न्यू ऑर्लिन्सचे बियाणे शेतकऱ्यांच्या शेतात गेले. ते त्यांनी आपल्या रीतीने पेरले. करवती यंत्रांची दुरुस्ती धारवाडातच होऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस थांबला, तेव्हा या ‘धारवाड-अमेरिकन’ कापसाच्या गासड्या कुमठा बंदरातून मुंबईला जाऊ लागल्या.

गोष्ट संपली तरी धाकटी सरकी न्याहाळतच होती. म्हणाली, “बाबा, ही कुंडीत लावू?”