अंगणातला बंब आणि उठणारी जमीन



न्हाणीघराच्या दाराशी असणारा तांब्याचा बंब आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कढत पाणी बादलीत घेतले की त्याचे काम झाले. आता अशी कल्पना करा की, हा बंब कपाटाहून मोठा आहे, घरापासून शंभर-दीडशे फुटांवर अंगणात ठेवला आहे, त्यात ओंडके जळत आहेत आणि त्यातले तापलेले पाणी जमिनीखालच्या एका नळाने घरात जाऊन दुसऱ्या नळाने परत येत आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात, विशेषतः खेड्यांतून, घर उबदार ठेवण्याची ही रीत आढळते. आग आणि धूर अंगणात राहतात, ऊब तेवढी घरात येते. बाहेर पारा शून्याखाली पंचवीस अंशांवर गेला असता घरातल्या म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या मुलांची रात्र त्या दोन नळांवर अवलंबून असते.

उष्णता नळातून घरोघर नेण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील शोद-एग या गावी चौदाव्या शतकातच ऊन झऱ्याचे पाणी लाकडी नळांतून घरांत खेळवीत असत. पुढे १८७७ साली न्यू यॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे बर्डसिल हॉली या कल्पक यंत्रज्ञाने आपल्या घरच्या बॉयलरची वाफ जमिनीखालच्या नळांनी शेजाऱ्यांकडे पोहोचविली. असो. उष्णता पुरायची कशी हे माणसाला कळले. पण जिच्यात ती पुरायची त्या जमिनीचा स्वभाव कळावयास आणखी अर्धे शतक जावे लागले.

हा स्वभाव आपणांस अगदीच अपरिचित आहे असे नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतीला तडे पाडते. उत्तरेकडे हाच प्रकार थंडीत होतो. हिवाळ्यात जमीन गोठते आणि वर उठते. तिच्याबरोबर रस्ते उठतात, कुंपणाचे खांब उठतात आणि पुरलेले नळही उठतात. वसंत ऋतूत ती खाली बसते. नळ मात्र पहिल्या जागी नीट बसतोच असे नाही. असे दोन-चार हिवाळे गेले की सांधा सैल होतो, वरचे वेष्टण चिरते, आत पाणी शिरते आणि बंबातली ऊब मातीतच जिरते.

जमीन का उठते? फार दिवस याचे एकच उत्तर दिले जाई: पाणी गोठले की फुगते. ते बरोबर वाटते म्हणूनच ते इतके दिवस टिकले असावे. पण आपण साधा हिशेब करून पाहू. चार फूट जमीन गोठली आणि तिच्यात चाळीस टक्के पाणी होते असे धरा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. तेव्हा जमीन फार तर पावणेदोन इंच उठावयास हवी. प्रत्यक्षात ती सहा-सहा इंचही उठलेली आढळते. मग बाकीचे इंच आले कोठून?

हे कोडे सोडविणारे स्टीफन टेबर हे साउथ कॅरोलायना विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या भागात जमीन खोलवर कधी गोठत नाही. थंडीने नळ फुटणाऱ्या गावांना जे सुचले नाही, ते या उबदार प्रांतातल्या माणसाला सुचावे, याची मला मोठी गंमत वाटते. टेबरांनी मातीचे नमुने वरून थंड केले आणि काहींना खालून पाणी मिळू दिले, काहींचे तोडले. ज्यांना पाणी मिळत राहिले ती माती उठतच गेली आणि तिच्यात निखळ बर्फाचे थर साठले. ज्यांचे पाणी तोडले ती फारशी उठली नाही. मग त्यांनी पाण्याऐवजी बेंझीन वापरले. बेंझीन गोठताना आकसते. तरीही माती उठली! १९२९ आणि १९३० सालच्या त्यांच्या लेखांनी जुने उत्तर निकालात काढले. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते, तशी गोठणारी माती खालचे पाणी ओढून घेते आणि त्याचा थरावर थर रचते. तेव्हा उरलेले इंच बाहेरून आलेल्या पाण्याचे होते.

१९३१ च्या सुमारास आर्थर कासाग्रांदे यांनी अमुक माती उठेल की नाही हे कणांच्या आकारावरून ओळखण्याचा नियम दिला: लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण वजनाने तीन टक्क्यांहून अधिक असले, तर सावध राहावे. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्कोव यांनी १९३५ साली रस्ते आणि लोहमार्ग यांच्या दृष्टीने याच प्रश्नाचा सविस्तर अभ्यास मांडला. सर्वांत खोडकर ठरला तो नदीकाठचा मऊ पोयटा. वाळू पाणी ओढत नाही. घट्ट चिकणमाती ओढते, पण तिच्यातून पाणी सावकाश जाते. पोयट्यात ओढही आहे आणि वाटही आहे.

एवढे कळल्यावर उपाय बदलले. खोल पुरणे हा जुना उपाय आजही आहेच. मिनेसोटा राज्याच्या नियमांत घराचा पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल सांगितला आहे. नळालाही तेवढ्याच खोलीचा आधार मिळाला तर उत्तम. पण खडक लागला तर काय करणार? तेथे चर उथळ ठेवून नळाभोवती स्वच्छ वाळू भरतात आणि वर फोमचे रुंद तक्ते आडवे अंथरतात, म्हणजे खालची जमीन आपलीच ऊब राखते. मात्र चिकणमातीत चर खणून वाळूने भरला आणि पाण्याला उताराने बाहेर वाट दिली नाही, तर तो चर म्हणजे लांबलचक हौदच होतो. ही चूक हौसेने स्वतः काम करणाऱ्यांकडून फार होते. गंमत अशी की, नळाचे वेष्टण जितके चांगले, तितकी बाहेरच्या मातीला ऊब कमी मिळते आणि ती निर्धास्त गोठते. म्हणून चांगला नळ घेतला की चराकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

खरा घात बहुधा भिंतीपाशी होतो. घराचा पाया खोल असल्याने हलत नाही, शेजारची माती उठते, आणि तिला चिकटलेला नळ या दोघांच्या ओढाताणीत सापडतो. १९६८ च्या सुमारास जर्मनीत थॉमस एंगेल यांनी काढलेल्या प्लास्टिकच्या लवचिक नळ्यांनी हे दुखणे पुष्कळ हलके केले, कारण त्या थोड्या वाकतात आणि त्यांना जमिनीखाली सांधा द्यावा लागत नाही. तरीसुद्धा जाणता कारागीर नळ भिंतीत नेताना त्याच्याभोवती एक रुंद नळकांडे बसवितो, मधली फट मऊ भरावाने बुजवितो आणि नळाला थोडी ढील ठेवतो.