सीरियल कन्सोल : जुन्या संगणकाशी संवादाचा शेवटचा मार्ग

पडदा व कळफलक यांच्याऐवजी सीरियल पोर्टमधून संगणकाचा कारभार चालविण्याच्या व्यवस्थेस सीरियल कन्सोल म्हणतात. पडदे सार्वत्रिक होण्यापूर्वी हीच रीत रूढ होती. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापीत असे. १९७८ मध्ये डेक कंपनीचे व्हीटी१०० हे पडद्याचे टर्मिनल आले. युनिक्स आणि लिनक्समधील 'टीटीवाय' हे नाव टेलिटाइपचीच खूण होय.

पोर्टचे विद्युतसंकेत आरएस-२३२ मानकानुसार असतात. जुन्या पीसीवर बहुधा ९ पिनांचा जोड आढळतो. दोन संगणक जोडण्यासाठी नल-मोडेम केबल लागते; तिच्यात एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेस जोडलेली असते. दोन्ही टोकांचा वेग सारखा असावा लागतो, अन्यथा पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. ९६०० बॉड हा वेग विशेष प्रचलित आहे. आठ बिटांच्या अक्षरासोबत आरंभाचा व अंताचा एकेक बिट जात असल्याने या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे पोहोचतात.

जुन्या लिनक्स संगणकावर ही मांडणी तीन पायऱ्यांवर करावी लागते : ग्रबसारखा बूटलोडर, कर्नेल आणि लॉगिन देणारा गेटी हा प्रोग्राम. यांपैकी एक पायरी राहिली, तर तेवढा टप्पा मुका राहतो. साध्या पीसीचा बायोस मात्र सहसा सीरियल पोर्टवर काहीच दाखवीत नाही. याउलट सन कंपनीची वर्कस्टेशने कळफलक न जोडता सुरू केल्यास आपोआप सीरियल पोर्टकडे वळत.

नेटवर्क बंद पडते, कर्नेल कोलमडतो, तेव्हा या व्यवस्थेचे मोल कळते. संगणकाने शेवटी लिहिलेल्या ओळी दुसऱ्या संगणकावर नोंदलेल्या राहतात आणि बिघाडाचे कारण त्यांतून शोधता येते.

दोन गोष्टींची दक्षता आवश्यक आहे. पोर्टपर्यंत पोहोचलेली व्यक्ती बूटप्रक्रियेत हस्तक्षेप करू शकते, म्हणून यंत्र कुलूपबंद खोलीत असावे. तसेच रास्पबेरी पायसारख्या बोर्डांचे सीरियल संकेत ३.३ व्होल्टचे असतात. त्यांना आरएस-२३२ केबल थेट जोडल्यास बोर्ड जळू शकतो.