खुब्याचा सांधा बदलल्यानंतर जिमला जाता येते का?

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक रुग्णांना पुन्हा जिमला जाता येते. मात्र केव्हा जायचे आणि कोणता व्यायाम करायचा, हे महत्त्वाचे. संधिवाताचे जुने दुखणे शस्त्रक्रियेनंतर लवकर कमी होते आणि आता सगळे ठीक झाले असे वाटू लागते. पण दुखत नाही म्हणजे सांधा तयार झाला, असे नाही.

घाई का करू नये?

नवीन सांध्यात एक गोळा वाटीत बसवलेला असतो. त्याला जागेवर धरणारे स्नायू व आवरण भरून यायला वेळ लागतो. त्यामुळे सांधा निखळण्याचा धोका पहिल्या ३ महिन्यांत सर्वाधिक असतो. सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यात हाडाला धातूची पकड घ्यायलाही काही आठवडे लागतात.

टप्प्याटप्प्याने काय करावे?

• पहिले ६ आठवडे: जिम नको. चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम पुरेसे आहेत.
• ६ ते १२ आठवडे: सर्जनच्या परवानगीने सीट उंच ठेवून स्थिर सायकल आणि ट्रेडमिलवर सपाट, सावकाश चालणे. हातांच्या व्यायामासाठी हलके डंबेल्स उंच बाकावर बसून वापरा. ते जमिनीवरून वाकून उचलू नका.
• ३ महिन्यांनंतर: पायांची यंत्रे, कमी वजनाने. लेग प्रेसची सीट मागे सरकवा, म्हणजे गुडघा छातीकडे येणार नाही. १० ते १५ वेळा सहज जमेल इतकेच वजन ठेवा.

पोहायचे असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनला विचारून सुरू करा.

कोणत्या हालचाली टाळाव्यात?

शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे धोक्याचे असते. म्हणून खोल स्क्वॉट किंवा उकिडवे बसणे नको. समोरून झाली असेल, तर पाय मागे ताणून बाहेर वळवणे टाळावे लागते. हे निर्बंध किती दिवस पाळायचे, ते तुमचे सर्जन सांगतील.

धावणे, उड्या मारणे आणि जड डेडलिफ्ट यांनी सांध्यावर वारंवार मोठा भार येतो. त्यामुळे वाटीतील अस्तर लवकर झिजू शकते. असे व्यायाम सर्जनशी बोलल्याशिवाय करू नका.

कधी थांबावे?

व्यायामानंतर स्नायू थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले, तर काळजी नसावी. जांघेत दुखणे टिकले किंवा लंगडत चालावे लागले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पुढील लक्षणे दिसल्यास लगेच रुग्णालयात जा:

• अचानक तीव्र वेदना, पायावर भार न देता येणे, पाय आखूड किंवा वळलेला दिसणे
• पोटरी सुजणे व दुखणे, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे
• ताप, जखमेतून स्राव येणे

जिमला जाण्यापूर्वी

तपासणीच्या वेळी सर्जनला तीन गोष्टी विचारा: शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली, पायावर पूर्ण भार देता येईल का आणि कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत. उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरला दाखवा. तुमचा सांधा बदललेला आहे, हे त्याला बाहेरून दिसत नाही. ते तुम्हीच सांगायला हवे.