एका तबकडीचे तीन धनी

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला या व्यासपीठावर बोलावले आणि मी गाण्याच्या स्वामित्वहक्काचा इतिहास हा विषय सुचविला, तेव्हा काही मंडळींना नवल वाटले. मजुरी, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणाऱ्या माणसाने गाण्याच्या वाटेस का जावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझे उत्तर सरळ आहे. गाणे हे ऐकणाऱ्याला आनंद असते, पण करणाऱ्याला ते काम असते. ज्याने काम केले त्याला दाम मिळाला काय, आणि कामावर त्याचे नाव राहिले काय, हे दोन प्रश्न गिरणीतल्या मागापाशी जितके खरे, तितकेच ग्रामोफोनच्या चोंग्यापुढेही खरे आहेत. मी संगीताचा जाणकार नाही आणि वकीलही नाही. शाळा लवकर सुटली. कायद्याची पुस्तके वाचली ती आमच्या माणसांचे कागद समजावेत म्हणून. त्याच सवयीने हा इतिहास वाचला आणि जो समजला तो आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका गाण्याच्या तबकडीत एकच वस्तू नसते. १९५५ सालच्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते महाराष्ट्राने ऐकली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, आणि आवाज निरनिराळ्या गायक-गायिकांचे. पुढे स्वतः फडक्यांच्या आवाजात त्याच गीतांच्या तबकड्या निघाल्या. शब्द तेच, चाल तीच, पण ध्वनिमुद्रण निराळे. म्हणजे शब्द ही एक मिळकत, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. कायद्याच्या दृष्टीने तबकडीला असे तीन धनी असू शकतात. त्याखेरीज गाणारा म्हणून एक चौथा माणूस असतोच. सर्वांत आधी आपल्या कानी पडतो तो त्याचा आवाज. पण कायद्याच्या दारात त्याला सर्वांत शेवटी प्रवेश मिळाला. तो कसा मिळाला, हीच आजची हकीगत.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला. त्याने ज्यांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहर जान ही त्या काळची विख्यात गायिका होती. चोंग्यात तोंड घालून, तीन मिनिटांत राग बसवून तिने गायले, आणि गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारले. पुष्कळांना हा गायिकेचा डौल वाटतो. पण त्यामागे कारखान्याची गरज होती. मेणावरचे मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तबकड्या तेथे निघत, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही घोषणा असे. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि तबकड्या येथेच निघू लागल्या. तिचे नाव तबकडीच्या पोटात कायमचे कोरले गेले. मात्र त्या नावाला कायद्यात काही किंमत नव्हती. बिदागी हाती पडली की व्यवहार पुरा झाला.

कायदा आला तो कोणाची बाजू घेऊन आला? १९११ साली इंग्लंडात स्वामित्वहक्काचा नवा कायदा झाला आणि १९१४ साली थोड्या फेरफारांनी तो हिंदुस्थानास लागू झाला. त्यात तबकडीला ५० वर्षांचा हक्क मिळाला. तबकडीचा 'कर्ता' कोण, याचेही उत्तर त्यात होते. ज्या मूळ साच्यावरून तबकड्या निघतात, तो साचा तयार झाला त्या वेळी ज्याच्या मालकीचा असेल, तो कर्ता! गाणारा, वाजविणारा, चाल बांधणारा यांचा येथे उल्लेखही नाही. लोखंडी मागाच्या मालकाला विणकर म्हणण्यासारखेच हे झाले.

स्वातंत्र्यानंतर आपला स्वतःचा कायदा १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. परंतु साच्याच्या मालकाची ती व्याख्या त्यातही राहिली. आणखी एक विचित्र गोष्ट त्यात होती. संगीतकृती म्हणजे काय, तर स्वरांची जी रचना छापलेली, लिहिलेली अथवा चिन्हांनी उतरविलेली असेल ती. युरोपात संगीतकार आधी कागदावर स्वर लिहितो. तेथे ही व्याख्या शोभते. आपल्याकडे गुरू गातो आणि शिष्य उचलतो. पेटीवर चाल बसते आणि साथीदारांच्या कानात राहते. ज्या देशात संगीत कानातून कानात जाते, त्या देशात कायदा कागदावरची चाल तेवढीच चाल मानीत होता. आणि गायकाला तर त्या कायद्यात स्वतःचा असा हक्क मुळीच नव्हता.

सिनेमाच्या धंद्याने हा गुंता वाढविला. 'प्रभात'सारख्या स्टुडिओंत कलावंत महिन्याच्या पगारावर असत. पुढे स्टुडिओ मोडले आणि गाण्यागणिक उक्ते काम सुरू झाले. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव! ज्या गळ्याने देश वेडा केला, त्याच्या धनिणीचे नाव तबकडीवर नव्हते. साहिर लुधियानवींसारख्या कवीला आकाशवाणीवर गीतकाराचे नाव सांगितले जावे म्हणून आग्रह धरावा लागला. नावाची लढाई आधी झाली, दामाची मागून. आमच्या चळवळीतही हाच क्रम असतो. हजेरीपटावर नाव चढल्याशिवाय पगाराची मागणी करता येत नाही.

दामाची लढाई सुरू झाली ती १९६० च्या सुमारास. तबकडी विकली जाते तोवर गायकालाही त्यातील वाटा मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे पडले. महंमद रफींचे म्हणणे निराळे होते. निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, गायकाने गाणे दिले, हिशेब मिटला. रफी हे दिलदार गृहस्थ होते आणि त्यांचे मत प्रामाणिक होते. पण प्रामाणिक मतानेही फळी फुटते. काही वर्षे ही दोघे एकत्र गाईली नाहीत, आणि मूळ मागणी बाजूला राहून जगात चर्चा झाली ती भांडणाची.

फळी न फुटता हीच मागणी पुढे नेली तर काय घडते, याचा एक दाखला अमेरिकेत आहे. तबकड्यांमुळे तेथील हॉटेलांतून आणि रेडिओ केंद्रांतून वादकांचे काम जाऊ लागले. तेव्हा वादकांच्या युनियनने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्ध चालू, सरकार नाराज, वर्तमानपत्रे विरोधात. तरी वादक चोंग्यापुढे बसले नाहीत. १९४३ च्या सप्टेंबरात डेक्का कंपनीने तडजोड केली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलंबिया व आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपन्याही आल्या. विकलेल्या तबकडीमागे काही रक्कम युनियनच्या निधीत जमा होऊ लागली आणि तीतून बेकार वादकांना काम देता येऊ लागले. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते १९७२ पासून. कायद्याच्या आधी २७-२८ वर्षे संघटनेने दाम मिळविला होता.

आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ साली मुंबईत स्थापन झाली. गाणे जाहीरपणे वाजवणाऱ्यांकडून शुल्क घ्यावे आणि ते करणाऱ्यांस वाटावे, हा तिचा उद्देश. चित्रपट-निर्मात्यांनी हरकत घेतली. १९७३ साली कॉपीराइट बोर्डाने सोसायटीच्या बाजूने निर्णय दिला, १९७४ साली कलकत्ता हायकोर्टाने तो फिरविला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. निर्मात्याने पैसे देऊन गाणे करवून घेतले असेल, आणि उलट करार नसेल, तर त्या गाण्याचा पहिला धनी निर्माता. 'उलट करार नसेल तर' हे शब्द पाहा. करार लिहिणार कोण? ज्याच्या हाती तिजोरी, तो. याच निकालास जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थान नाही याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेने इकडे लक्ष द्यावे असे सुचविले.

संसदेला त्यासाठी आणखी १७ वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १९९५ च्या मे महिन्यात अमलात आली, चाल कागदावर नसली तरी ती बांधणारा संगीतकारच ठरला आणि गायक-वादकांना 'प्रयोगकर्ता' म्हणून प्रथमच हक्क मिळाला. पण चित्रपटासाठी गायला संमती दिली की तो हक्क तेथे संपे. मोठा बदल झाला तो २०१२ साली. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेत होते आणि गीतकारांची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. २१ जून २०१२ पासून असे ठरले की, चित्रपटातील अथवा ध्वनिमुद्रणातील शब्दांचा व चालीचा हक्क विकला, तरी चित्रपटगृहातील खेळाखेरीज इतर वापराच्या रॉयल्टीत कवीचा व संगीतकाराचा समान वाटा राहील. हा वाटा कराराने सोडून देता येत नाही. तो वारसाला अथवा हक्कांच्या सोसायटीलाच देता येतो. गायकालाही व्यापारी वापरावर रॉयल्टी मिळण्याचा आणि आपले नाव लावले जाण्याचा हक्क आला. किमान वेतन कामगाराला कराराने सोडता येत नाही, त्याच जातीचे हे कलम आहे. दुर्बळ माणसाच्या सहीवर कायद्याने विश्वास ठेवू नये, हे तत्त्व गाण्याच्या धंद्यात शिरावयास १९१४ पासून ९८ वर्षे लागली.

आता नोंदणीचा प्रश्न. हक्क मिळण्यास नोंदणी लागते काय? नाही. १९०८ साली बर्लिन येथे राष्ट्रांनी आपसांत ठरविले की, हक्क भोगण्यास कोणताही सरकारी विधी आवश्यक असू नये. आपल्या कायद्यातही नोंदणी ऐच्छिक आहे. कृती निर्माण होताच हक्क जन्मतो. मग नोंदणी करावी कशाला? कारण हक्क असणे आणि तो शाबीत करता येणे, यांत अंतर असते. नोंदवहीतील दाखला न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. कंपनीने आपल्या नावे आधी नोंद केली, तर ती खोटी ठरविण्याचे ओझे तुमच्या शिरावर येते. खोटी नोंद करणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण तो सिद्ध करीपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आज तबकडी मागे पडली, कॅसेट गेली. गावोगावची मंडळी घरच्या घरी आठ गाणी ध्वनिमुद्रित करून अल्बम काढतात. त्यांना मी हेच सांगतो की, अल्बम ही एक वस्तू धरू नका. प्रत्येक गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन निरनिराळ्या कृती आहेत. २०१३ च्या नियमांत शब्दांस ५०० रुपये, चालीस ५०० आणि ध्वनिमुद्रणास २००० असे कृतीमागे शुल्क आहे. अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे जातो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. मुदतीही निराळ्या आहेत. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क २०२० अखेर संपला. पण तिच्यातील शब्दांचा कवी १९७७ साली वारला असेल, तर शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत टिकतो. परंपरेची लावणी किंवा जात्यावरची ओवी मात्र कोणालाच आपल्या नावे करता येत नाही. जो ती गाऊन मुद्रित करतो, त्याचा हक्क त्या मुद्रणापुरता. गाणे साऱ्यांचेच राहते.

एवढ्या कलमांतून जाताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. यंत्राच्या मालकाला कायद्याने पहिल्याच दिवशी ओळखले. शब्द, सूर आणि गळा यांच्या धन्यांना मात्र आपली ओळख पटवून द्यावी लागली. ती पटली तेव्हा कोणीतरी नावासाठी अडून बसले होते, किंवा चार जण एकत्र उभे होते. म्हणून आपल्या गावातला भजनी, शाहीर, पेटीवाला ध्वनिमुद्रणाला निघाला, की त्याला शुभेच्छा द्याच. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवील असा एक माणूसही त्याच्याबरोबर द्या.