आठ वॉटांचा इतिहास

अंबरनाथजवळच्या जांभूळसारख्या गावांत हरिनाम सप्ताह सुरू झाला की देवळावर कर्णा चढतो. त्यामागचा ॲम्प्लिफायर आता ट्रान्झिस्टरचा असतो. कर्ण्याचे तत्त्व मात्र जुनेच आहे. ज्याला आज हौसेने व्हॉल्व्हचा ‘सिंगल-एंडेड ट्रायोड’ ॲम्प्लिफायर, त्यातही अधिक शक्तीचा, घ्यायचा आहे, त्याने विचाराची सुरुवात या कर्ण्यापासून करावी, असे आम्हांला वाटते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला. तोवर संगीत नाटकातला नट शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या गळ्याच्या बळावर पोचत असे. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व पडद्यावर आले, त्यांचा स्वर आता व्हॉल्व्हमधून प्रेक्षकांपर्यंत जाऊ लागला. त्याच दशकात अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकने चित्रपटगृहांसाठी केलेल्या ‘९१’ या ॲम्प्लिफायरच्या अखेरच्या टप्प्यात ‘३००ए’ ही एकच ट्रायोड होती. स्वराचा संपूर्ण तरंग ती एकटी वाहून नेई. दोन व्हॉल्व्हमध्ये काम वाटून घेणारी ‘पुश-पुल’ रचना तिथे नव्हती. शक्ती जेमतेम ८ वॉट, तरी प्रेक्षागृह भरे.

हे साधले ते कर्ण्यामुळे. एका वॉटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल देणारा कर्णा आणि ८८ डेसिबल देणारा आजचा घरगुती स्पीकर यांत १२ डेसिबलचे, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे सोळापट अंतर आहे. कर्ण्याला ८ वॉट पुरतात तिथे या स्पीकरला सव्वाशेहून अधिक लागतील.

मग ‘२११’ किंवा ‘८४५’ या मोठ्या ट्रायोड कशासाठी? मूळच्या त्या रेडिओ प्रक्षेपकांच्या परिवारातल्या. पुढे जपानमधील आणि मग पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींनी त्या दिवाणखान्यात आणल्या. त्यांपैकी एकीकडून सुमारे २० वॉट मिळतात. ८ वॉटांच्या तुलनेत ही वाढ अवघी ४ डेसिबलची. तरी ती निरर्थक नाही. तबल्याची थाप क्षणभर उसळते, तेव्हा छोटा ॲम्प्लिफायर खुंटतो आणि स्वराच्या कडा बोथट होतात. मध्यम क्षमतेच्या स्पीकरला तेवढी मोकळीक उपकारक ठरते.

तिची किंमत मात्र मोजावी लागते. या ट्रायोडना हजार व्होल्टांच्या आसपास दाब लागतो. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो, म्हणून जाणकाराखेरीज कोणी पेटी उघडू नये. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहत असल्याने त्याच्या गाभ्यात फट ठेवावी लागते आणि तो आकाराने, वजनाने थोराड होतो. गाणे चालू असो वा नसो, वीज जळतच राहते. मिळालेल्या २० वॉटांमागे त्याच्या कितीतरी पट उष्णता खोलीत येते. कल्याणपलीकडच्या उन्हाळ्यात ही बाब किरकोळ नव्हे.

आम्ही साहित्य शिकवतो. ‘लेखकाचा आवाज’ हा आमच्या वर्गातला नेहमीचा शब्द. त्या आवाजाचे बळ मोजताना तो कोणत्या श्रोत्यासाठी, किती मोठ्या सभेसाठी काढला गेला, हे आपण क्वचित विचारतो. चित्रपटगृहातले ते ८ वॉट नेमके तेच शिकवतात. आधी खोली पाहावी, मग स्पीकर निवडावा, आणि शक्तीचा आकडा सर्वांत शेवटी विचारावा.