मताधिकाराविना लोकमत : गुलामगिरीविरोधी विनंतीअर्ज आणि ब्रिटिश पार्लमेंट

इ. स. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ब्रिटनमधील मताधिकाराची कक्षा काहीशी विस्तृत केली. तथापि मतदार म्हणजे ‘पुरुष व्यक्ती’ असा स्पष्ट उल्लेख करून त्याच कायद्याने स्त्रियांना त्या कक्षेबाहेर ठेवले. बहुसंख्य कामकरी पुरुषही बाहेरच राहिले. पार्लमेंटपर्यंत पोहोचण्याचा जो प्रमुख वैध मार्ग या वर्गांना खुला होता तो म्हणजे विनंतीअर्ज. या मार्गाचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, हे गुलामगिरीविरोधी चळवळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद झाला. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवरील गुलामगिरी मात्र कायम राहिली. १८३१ च्या अखेरीस जमेकात गुलामांनी मोठा उठाव केला. तो निर्घृणपणे दडपण्यात आला. तेथून परतलेल्या विल्यम निब यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्या कथनाने ब्रिटनमधील लोकमत प्रक्षुब्ध झाले. बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट इत्यादी पंथांची प्रार्थनामंदिरे सह्या गोळा करण्याची केंद्रे बनली. १७९२ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज आले होते. १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध ५,००० हून अधिक अर्ज आले व त्यांवर सुमारे १३ लक्ष सह्या होत्या. त्यांपैकी १४ मे रोजी कॉमन्स सभेत आणलेल्या एकट्या स्त्रियांच्या अर्जावर १,८७,१५७ सह्या होत्या. ते अजस्र भेंडोळे उचलण्यास चार सभासद लागले.

त्याच दिवशी वसाहतमंत्री स्टॅन्ली यांनी सरकारी योजना मांडली. मुक्त गुलामांनी १२ वर्षे ‘उमेदवार’ म्हणून जुन्या मालकांकडेच राबावे आणि मालकांना १.५ कोटी पौंडांचे कर्ज द्यावे, असे तिचे मूळ स्वरूप होते. संमत कायद्यात शेतमजुरांसाठी ही मुदत ६ वर्षांवर आली. उलट मालकांना द्यावयाच्या कर्जाचे २ कोटी पौंडांच्या नुकसानभरपाईत रूपांतर झाले. गुलामांना काहीच मिळाले नाही. अर्जांच्या दडपणाने कायदा अटळ केला, परंतु त्याच्या अटी ठरविताना मळेवाल्यांचे हितसंबंध प्रभावी ठरले, असाच याचा अर्थ होतो.

कायद्याच्या व्याप्तीसही मर्यादा होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळण्यात आला. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ मध्ये झाला. दरम्यान ‘उमेदवारी’ ही गुलामगिरीच होय, असे प्रतिपादन करीत ब्रिटनमध्ये पुन्हा अर्जांची मोहीम उभी राहिली. तिच्या दडपणाखाली वेस्ट इंडीजमधील वसाहतींच्या विधिमंडळांनीच १ ऑगस्ट १८३८ रोजी, मुदतीपूर्वी दोन वर्षे, ती पद्धती संपविली.

सारांश, अर्जदारांची संख्या एखादा प्रश्न पार्लमेंटला टाळू देत नसे. त्याचे उत्तर कोणत्या कलमांनी द्यावयाचे, हे मात्र सभागृहातील मतेच ठरवीत. म्हणूनच १८३३ नंतरही अर्जदारांना सह्यांचे कागद बाजूला ठेवता आले नाहीत.