तळटीप १४ : मृगातला तेजोमेघ

१४. घोडपदेवच्या चाळीच्या गच्चीवरून दिसलेला ‘धुरकट ठिपका’ तो हाच (एम ४२). मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. लेखकाने ‘आग’ म्हटले असले, तरी तिथे जळत काहीच नाही. गाभ्यातल्या चौकडीतला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तिसाहून अधिक पट वस्तुमानाचा. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन आयनित होऊन उजळतो. त्याच ताऱ्यावरून सुटणाऱ्या वेगवान वाऱ्याने वायू बाहेर रेटून मेघात मोठी पोकळी पाडली आहे. अशा आयनित वायूच्या रेडिओलहरी जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण (४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना) टिपते. आज घोडपदेवहून पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची हिवाळी रात्र निवडावी आणि द्विनेत्री दुर्बीण सोबत ठेवावी.